बॉक्स्टेनच्या माणसाची चड्डी

बॉक्स्टेनचा माणूस आतून काय घालत होता, या प्रश्नावरून आमच्या घरात अबोला होईल असं मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर मी दुसरं स्थळ बघितलं असतं.

हा बॉक्स्टेनचा माणूस आमच्या नात्यागोत्यातला नव्हे. 1936 च्या जूनमध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, वारबर्गच्या परिसरात, बॉक्स्टेन नावाच्या दलदलीत एका शेतकऱ्याच्या पोराच्या अवजाराला काहीतरी अडकलं. निघाला तो चौदाव्या शतकातला माणूस. त्याला कोणीतरी ठार मारून दलदलीत पुरलं होतं आणि पुन्हा उठून येऊ नये म्हणून, असं म्हणतात, अंगातून तीन खुंट ठोकले होते. त्यातला ओकचा एक थेट काळजातून. एवढा बंदोबस्त करूनही तो सहाशे वर्षांनी आला तो आलाच आणि येताना अंगावरचे कपडे घेऊन आला. लोकरी अंगरखा, वरून घ्यायचा झगा, मागे लांबलचक शेपूट असलेलं टोपडं, दोन पायांच्या दोन लोकरी नळ्या, जोडे, पट्टे, सुऱ्या. मध्ययुगातल्या एका सामान्य माणसाचा जवळजवळ अख्खा पोशाख एकगठ्ठा हाती लागणं युरोपात फार दुर्मीळ. वारबर्गच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात तो सगळा मांडून ठेवला आहे. फक्त एक वस्तू त्यात नाही. चड्डी.

कारण साधं आहे. दलदलीचं पाणी आंबट. त्यात लोकर टिकते, कातडं टिकतं, केस टिकतात. पण झाडाच्या धाग्याचं कापड विरघळून जातं. त्या काळी आतले कपडे शिवायचे ते लिननचे, म्हणजे ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच्या देठाच्या धाग्याचे. तेव्हा चड्डी असली तरी सहाशे वर्षांत तिचं पाणी झालं. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांच्या चित्रांत शेतकरी भर उन्हात नुसत्या पांढऱ्या चड्डीवर मळणी करताना दिसतात, हा पुरावा मी नवऱ्यापुढे ठेवला, कारण आम्हाला त्याच काळातला पोशाख शिवायचा होता. तो म्हणाला, ती चित्रं फ्रान्समधली. स्वीडनमध्ये सापडली नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे शिवायची नाही. मी म्हटलं, खरखरीत लोकर नुसत्या मांडीला लावून चार पावलं चालून दाखव, मग पुराव्याचं बोलू. तिथून अबोला.

नवरा पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचे त्याला पैसे मिळतात. घरी तो तेच काम फुकट करतो.

आम्ही गोथेनबर्गला राहतो. दर ऑगस्टमध्ये गॉटलंड बेटावरच्या विस्बी गावात मध्ययुगीन सप्ताह भरतो, 1984 पासून. (सप्ताह म्हटल्यावर सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, “वीणा कोणाकडे असते?”) विस्बीला साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा दगडी तट अजून जवळजवळ अखंड उभा आहे. 27 जुलै 1361 ला डेन्मार्कचा राजा वाल्देमार आत्तेरदाग याच्या फौजेने या तटाच्या बाहेर बेटावरच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. गावातल्या व्यापारी मंडळींनी दरवाजे लावून घेतले आणि नंतर शत्रूशी व्यवहार मिटवला. व्यापारी ते व्यापारीच. विसाव्या शतकात तिथले सामूहिक खड्डे उकरले तेव्हा हजाराहून जास्त माणसं निघाली. काहींच्या कवट्यांवर कड्यांच्या जाळीची टोपी तशीच होती. लोखंड राहिलं, कापड राहिलं नाही. म्हणजे ज्या लढाईच्या नावाने एवढी माणसं पोशाख घालून जमतात, त्या लढाईतल्या माणसांच्या पोशाखाबद्दल तिथल्या मातीने अवाक्षर काढलेलं नाही.

सप्ताहाला कोणीही काहीही घालून जावं. भाड्याने झगे मिळतात, खांद्यावर केप टाकली की झाला मध्ययुगीन. पण आमच्या ह्याने एक हौशी मंडळ गाठलं, ज्यांचा एकच पण होता: 1361 च्या उन्हाळ्यात गॉटलंडवर दिसू शकला असता, असाच माणूस दिसायचा. दिसणारा प्रत्येक टाका हाताचा. कृत्रिम धागा वर्ज्य. प्रत्येक वस्तूला पुरावा. संशोधन ह्याचं आणि शिवण माझं, अशी कामाची वाटणी झाली, कारण ह्याला सुईत दोरा ओवता येत नाही आणि मला वाद घालता येत नाही, असा त्याचा समज आहे.

कापडापासून सुरुवात. दुकानात जाऊन “लोकरीचं दाखवा” म्हणायचं, एवढीच माझी कल्पना. पण या धंद्यात एका उत्तराच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. लोकर, ठीक, पण वीण कुठली? तिरकी, दोनावर दोन. बरं, वीण झाली, सूत? मंडळात एक बाई आहेत. साठीच्या पुढच्या, मृदू बोलणाऱ्या, विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. मी मनातल्या मनात त्यांना धागेतपासनीस म्हणते. मी आणलेल्या कापडाच्या काठातून त्यांनी एक उभा धागा ओढून घेतला, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरला आणि हलकेच उलटा फिरवला. धाग्याचा पीळ सुटून त्याची लव झाली. मग आडवा धागा काढला, तोही त्याच बाजूने सोडवला. मग पर्समधून भिंग काढलं आणि दोन्ही लवा उजेडात धरल्या.

“ताणा आणि बाणा एकाच पिळाचे आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या काळच्या अशा कापडात ताण्याला एक पीळ आणि बाण्याला उलटा, असं बहुतेक वेळा असतं.”

“पण अंगात घातल्यावर हे दिसणार कोणाला?”

“मला,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, खेद होता.

सुताच्या खाली मेंढी आहे. गॉटलंडची करड्या कुरळ्या लोकरीची मेंढी जगप्रसिद्ध, तीच घेऊ या, असं मी उत्साहाने म्हटलं. तर ती मेंढी विसाव्या शतकात निवडून-निवडून तयार केलेली निघाली. जुनी मेंढी वेगळी, नर-मादी दोघांना शिंगं असलेली, गूते नावाची. म्हणजे गॉटलंडवर गॉटलंडची मेंढी चालत नाही. मेंढीपाशी मी थांबले. तिच्याखाली फक्त गवत उरतं, आणि त्याबद्दलही मंडळात कोणीतरी जाणकार असणारच.

शेवटी दोन पिळांचं कापड कुठून तरी मिळालं. मीटरचा भाव ऐकून मी मनात रुपये करायला गेले आणि अर्ध्यात सोडून दिलं.

मग बेतणं. इथे नकाशा आला तो थेट ग्रीनलंडहून. तिथे दक्षिणेला हेर्योल्फ्सनेस नावाची उत्तरी युरोपीय वसाहतवाल्यांची जुनी दफनभूमी आहे. लाकडाचा तुटवडा, त्यामुळे कित्येकांना पेटीऐवजी जुन्यापान्या कपड्यांतच गुंडाळून पुरलं. जमीन गोठलेली, म्हणून कपडे टिकले. 1921 मध्ये पॉल नॉर्लुंड या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने ते बाहेर काढले. आता ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे झगे, टोपडी, पायातल्या नळ्या. जगभरच्या हौशी शिवणाऱ्यांची काशी ती. नवऱ्याने त्या झग्यांचे आराखडे छापून, कागद चिकटवून दिवाणखान्यात अंथरले आणि त्यांच्या कडेने मोजे घालून चालू लागला.

याच सुमाराला सासूबाई मिरजेहून उन्हाळ्यासाठी आल्या. मिरजेला त्यांनी कित्येक वर्षं शिवणक्लास चालवला. झबलं-टोपडं, सहा कळ्यांचा परकर, बंडी, पोलका, या क्रमाने त्यांनी अर्ध्या पेठेतल्या मुली तयार केल्या आहेत. प्रवासाचा शीण उतरायच्या आत त्या आराखड्यांपाशी उकिडव्या बसल्या, चष्मा नाकावर खाली ओढला आणि बोट ठेवत गेल्या.

“हा मधला सरळ पट. ह्या बाजूच्या कळ्या. पुढे-मागे मधोमध चीर देऊन आणखी एकेक कळी. बाहीला मागून पाचर, हात वर करताना ओढू नये म्हणून. अगं, ही तर कळीदार सदऱ्याची मोठी बहीण. कोणाची आहे?”

“ग्रीनलंडच्या एका मेलेल्या माणसाची,” मी म्हटलं.

“शहाणा होता शिंपी. चिंधी वाया घालवली नाही.”

हे अगदी खरं आहे. कापड हाताने कातून, हाताने विणून आलेलं. त्यातला वीतभर तुकडाही कोणी फेकत नसे. म्हणून सरळ रेषांत कापायचं, उरलेल्या तिरक्या तुकड्यांच्या कळ्या करायच्या, आणि तरीही कमी पडलं तर जोड द्यायचा. ज्याच्याकडे कापड मोजकं असतं, तो जगात कुठेही याच रस्त्याने जातो. विद्वानांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. सासूबाईंनी ते दीड मिनिटात सांगून चहा मागितला.

मधली कळी बसवणं मात्र भल्याभल्यांना रडवतं. सलग कापडाला चीर द्यायची आणि चिरेच्या शेंड्यात कळीचं टोक बसवायचं. तिथे शिवणीला जागाच नसते, एक तर भोक राहतं नाही तर चुणी पडते. नवरा व्हिडिओ लावून समजावू लागला. सासूबाईंनी माझ्या हातातली सुई घेतली. “खालून वर शिवत गेलीस की टोकाशी कापड गोळा होतं. आधी टोक टाच, मग दोन्ही अंगांनी खाली ये. टोकाला चार टाके जास्त घे, धागा मेणातून ओढून.” आणि त्यांच्या हाताखाली ती कळी अशी बसली की आत-बाहेर ओळखू येईना. नवरा म्हणाला, “आई, पण तू उलटी टीप घातलीस, मूळ झग्यात इथे धावदोरा आहे.” सासूबाईंनी फक्त चष्म्यावरून बघितलं.

पुरुषांच्या पायातल्या नळ्या हे प्रकरण बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. चौदाव्या शतकातली ती विजार नव्हेच. डावा पाय वेगळा, उजवा पाय वेगळा, दोन्हींची एकमेकांशी ओळख नाही. कापड ताणलं जावं म्हणून उरेप, म्हणजे तिरकं, कापतात, मागून पोटरीवर एकच शिवण, आणि वरून प्रत्येक नळी कंबरेला बांधायची. मधे जे उरतं ते अंगरख्याच्या भरवशावर. ह्याने नळ्या चढवल्या आणि ऐटीत उभा राहिला. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ह्या बांधल्यात कशाला?”

“पट्ट्याला.”

“आणि खाली बसायचं झालं तर?”

यावर त्याच्याकडे पुरावा नव्हता.

“तुझी पहिली चड्डी मी शिवली,” सासूबाई म्हणाल्या, “हीसुद्धा शिवते. आण तो जवसाचा कपडा.” अबोला तिथे संपला. त्या काळची चड्डी म्हणजे चांगली घेरदार, कंबरेला नाडीभोवती गुंडाळी केलेली. नळ्यांच्या बंदांना आधार त्या नाडीचाच. नाडी ओवायला नवऱ्याने हाडाचं दाभण पुढे केलं, कारण सेफ्टी पिनेचं पेटंट 1849 चं. सासूबाईंनी बांगडीतली पिन काढली, नाडीला टोचली, सर्रकन ओवली, पिन परत बांगडीत. “कुठे दिसत्येय आता?” यालाही उत्तर नव्हतं. नंतर त्याच नळ्यांच्या जोडीचं टोपडं मी डोक्यावर चढवून दाखवलं, खांद्यापर्यंत येणारं, मागे शेपूट लोंबणारं, तर त्या हसत सुटल्या. “अगं, कुंची! एवढ्या घोड्यांना कुंची?”

माझ्या कपड्यांची कथा निराळी. बायकांच्या आतल्या कपड्यांबद्दल शतकानुशतकं सगळे गप्प. मग 2008 मध्ये ऑस्ट्रियाच्या पूर्व टिरोलमध्ये लेंगबेर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत एका मजल्याखालच्या भरावात कापडाचे दोन हजारांवर तुकडे निघाले, आणि त्यांत लिननच्या, चक्क वाट्या शिवलेल्या काचोळ्या. पंधराव्या शतकातल्या. 2012 मध्ये ही बातमी जगभर छापून आली. तोवर ब्रेसियर ही आधुनिक काळाची देणगी आहे असं ठणकावून सांगितलं जात होतं. मी आनंदाने ती शिवायला काढली. धागेतपासनीस बाई हळूच म्हणाल्या, “शंभर वर्षांनी उशिराची आहे आणि फार दक्षिणेची.” मी विचारलं, मंडळ हे तपासणार कसं? तो विषय तिथेच राहिला.

लग्न झालेल्या बाईने डोकं झाकायचं. त्यासाठी संत बिर्गित्ताची टोपी. चौदाव्या शतकातली ही स्वीडिश संतीण नव्या फॅशनींवर जाम कडाडली होती. तिची म्हणून सांगतात ती लिननची टोपी हॉलंडमधल्या उडेन इथल्या मठात जपली होती, दोन भाग मधोमध जाळीदार भरतकामाने जोडलेले. फॅशनीवर टीका करणाऱ्या बाईचीच टोपी आज हौशी मंडळींत सगळ्यात जास्त नकलली जाते. वर आणखी ओढणी, हनुवटीखालून गळ्याला लपेटणारी. सासूबाई म्हणाल्या, “हे बरं. लग्नानंतर पहिल्यांदाच तुझ्या डोक्यावर पदर बघत्येय.” गळा झाकला गेल्यामुळे मंगळसूत्राचा प्रश्नही परस्पर सुटला.

चष्म्याचा सुटला नाही. चष्मा तेव्हा होता. इटलीत त्रेव्हिझोच्या एका मठात 1352 चं भित्तिचित्र आहे, त्यात एक धर्मगुरू चष्मा लावून लिहीत बसला आहे. पण त्याला काड्या नाहीत. दोन भिंगं, मधे एक खिळा, आणि नाकावर भरवसा. तसा बनवून घेता येतो म्हणे. माझं नाक भरवशाचं नाही. त्यामुळे संपूर्ण विस्बी मी अंदाजाने बघितलं.

आता रंग. दलदलीतून निघालेलं प्रत्येक कापड तपकिरी असतं, कारण दलदल ते तसं करते. आणि मग सिनेमावाल्यांनी ठरवून टाकलं की मध्ययुगातली माणसं मातकट कपड्यांत, मळक्या तोंडाने, सतत पावसात उभी असायची. प्रत्यक्षात त्या लोकांना रंगांचा सोस होता. ऐपत असेल तेवढा भडक रंग. इंग्लंडमध्ये 1363 चा कायदाच आहे, कोणी काय नेसावं याचा. त्यात गाडीवान-नांगऱ्यांनी साधं जाडंभरडं लोकरी कापड तेवढं वापरावं असं लिहिलंय. जे लोक करतच नाहीत, त्यावर कोणी कायदा करत नाही. गाडीवान नटत होते, म्हणून तर सरदारांना पोटशूळ उठला.

लाल रंग मॅडरच्या मुळांचा. ही मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी चुलतबहीण, एकाच कुळातली. आधी कापड तुरटीच्या पाण्यात मुरवायचं, मग मुळांच्या काढ्यात, आणि तो काढा उकळू द्यायचा नाही. उकळला की लालाचा विटकरी होतो. टोपडी झकास लाल निघाली. तुरटी सासूबाईंच्या पिशवीत होतीच, दाढी न करणाऱ्या बाईच्या पिशवीत ती का होती ते मी विचारलं नाही.

निळ्याची गोष्ट अवघड. युरोपातला निळा म्हणजे वोड नावाच्या पाल्याचा. पाला कुजवायचा, गोळे करायचे, पुन्हा कुजवायचा, आणि रंग उतरायला परंपरेने लागतं ते शिळं मूत्र. मंडळाने अस्सल पद्धतीने करायचं ठरवलं आणि सदस्यांना घरून डबे आणायला सांगितलं. सासूबाईंना वाटलं गोमूत्र. खरा प्रकार कळल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “एवढं शिकून?”

मी डबा नेला नाही. मी तमिळनाडूत पिकलेली नैसर्गिक नीळ मागवली. आता गंमत अशी की वोडमधला निळा आणि आपल्या निळीतला निळा हा रसायन म्हणून एकच. रंगून झाल्यावर, कोणता कुठल्या झाडाचा, हे प्रयोगशाळेतही सहसा सांगता येत नाही. घरामागच्या टबात कापड बुडवलं, वर काढलं तेव्हा पिवळट हिरवं होतं. सासूबाई म्हणाल्या, बिघडलं. मग वारा लागला आणि आमच्या डोळ्यांदेखत काठाकडून निळं होत आत सरकलं. घड्यांमध्ये हिरव्याची एक रेघ तेवढी मागे राहिली, तीही गेली. पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाऱ्यावर धरायचं, हवा तेवढा गडद होईपर्यंत. बोटं मात्र पहिल्या खेपेलाच गडद झाली.

धागेतपासनीस बाईंनी कापड हातात घेऊन भिंगातून बघितलं. “सुंदर वोड,” त्या म्हणाल्या. मी खरं सांगून टाकलं, कारण मला वाद घालता येतो हे घरी दाखवायचं होतं. म्हटलं, मार्को पोलोने केरळातल्या कोल्लमला नीळ कशी करतात ते लिहून ठेवलंय, आणि चौदाव्या शतकात इटालियन व्यापारी बगदादची म्हणून नीळ विकत होते. त्या म्हणाल्या, “इटलीत. गॉटलंडवर नाही.” मी म्हटलं, स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर 1956 मध्ये सहाव्या शतकाच्या आसपासची बुद्धमूर्ती सापडली, भारतीय उपखंडातून आलेली. बुद्ध येतो आणि नीळ येत नाही? बाईंनी बराच विचार केला. “एखादी वस्तू एकदा येऊ शकते,” त्या म्हणाल्या, “म्हणून ती सगळ्यांच्या अंगावर असते असं नाही.” हे बरोबर होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. पण प्रयोगशाळाच ओळखू शकत नाही म्हटल्यावर नियमाला धरायला काही नव्हतं. झगा पास झाला.

तर अशा रीतीने आम्ही बोटीत बसलो. विस्बीचे रस्ते गोट्यांचे, आणि उलटे शिवून मग सुलटे केलेले ते मऊ कातड्याचे जोडे एका तळव्याचे. प्रत्येक गोटा स्वतःची ओळख करून देतो. भर ऑगस्ट, ऊन तापलेलं, वर लोकरीचा झगा, आत लिननचा, डोक्याला दोन थर. खिसा नाही, कारण तेव्हा खिसे नव्हते; कमरेच्या पिशवीत फोन, आणि फोन काढायचा तर आडोसा शोधायचा.

आणि लोक फोटो काढत होते ते पॉलिस्टरच्या जांभळ्या मखमलीचे. घेरदार बाह्या, सोनेरी लेस, आणि पाठीवर पितळी आयलेटांमधून नाडी, तीही फुली-फुली ओढलेली. (धातूची आयलेटं एकोणिसाव्या शतकातली, आणि तेव्हाची नाडी एकाच टोकाने नागमोडी जाते. हे मला आता झोपेतही सांगता येतं, कोणी विचारत नाही.) शिंगांचं शिरस्त्राण घातलेला एक जण वाफेल खात होता, त्याच्याभोवती ही गर्दी. आमचं मंडळ तटाच्या सावलीत उभं. लाल टोपडी, निळे झगे, पिवळ्या नळ्या. एका लहान मुलाने आमच्याकडे बोट दाखवून आईला सांगितलं, “हे खोटे आहेत. जुन्या काळी रंग नव्हते.” धागेतपासनीस बाई त्याच्याकडे वळल्या, पण तोवर आईने त्याला वाफेलवाल्याकडे नेलं होतं.

दुपारी क्रूझवरून उतरलेल्या एक आजीबाई थेट माझ्यापाशी आल्या. चष्म्याविना मला त्यांचा फक्त आकार दिसत होता. त्यांनी विचारून झग्याला हात लावला, कळीच्या टोकावरून बोट फिरवलं, बाहीवरची बटणं बघितली, काठाला लागून ओळीने, प्रत्येक कापडाच्या चिंधीचं वळून केलेलं. निळ्या रंगावर तर त्या फिदाच झाल्या. एवढ्या नजरेने दिवसभरात दुसऱ्या कोणी बघितलं नव्हतं. ही बाई जाणकार आहे, म्हणून मी ताठ उभी राहिले. बाजूला नवरा, त्याच्या बाजूला धागेतपासनीस, दोघांनी कान टवकारले.

“फारच सुरेख,” आजीबाई म्हणाल्या. “आणि हे सगळं हाताचं दिसतंय. हा तुमच्या देशाचा पारंपरिक पोशाख ना?”

धागेतपासनीस बाईंनी श्वास आत घेतला. नवऱ्याने “ॲक्च्युअली” म्हणायला तोंड उघडलं.

कळ्या मिरजेच्या, नीळ तमिळनाडूची. मी म्हटलं, “हो.”